वर्षचक्र आणि वधस्तंभ

पाश्चात्त्य देशांत ‘विक्का’ नावाचा एक पंथ आहे. त्याचे अनुयायी स्वतःला अभिमानाने ‘विच’ म्हणवितात. मराठीत ह्या शब्दाला चेटकीण हाच प्रतिशब्द, आणि आपल्या खेड्यांत ते नाव ज्या बाईच्या कपाळी आले तिची काय दशा होते, हे सांगावयास नको. तेव्हा आपल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हे नाव ऐकताच क्रूसाची खूण करावी, यात नवल नाही. तथापि ह्या पंथाची एक गोष्ट आम्हांस विचार करावयास लावते. त्याला सर्वमान्य धर्मग्रंथ नाही, धर्मशिक्षणाचे ठरीव वर्ग नाहीत. दोन अयने, दोन संपात आणि त्यांच्या मधले चार सण, असे वर्षाचे आठ सण पाळीत जावे आणि धर्म शिकावा, ही त्याची रीत.

हे सारे अतिप्राचीन आहे अशी अनुयायांची पुष्कळ काळ समजूत होती. इतिहास तसे सांगत नाही. मलायात जकात अधिकारी असलेले जेराल्ड गार्डनर यांनी १९५४ साली पुस्तक लिहून हा पंथ जगापुढे आणला; चेटकाविरुद्धचा इंग्लंडमधील जुना कायदा त्याआधी तीनच वर्षे, १९५१ साली, रद्द झाला होता. आठ सणांचे चक्र त्या दशकाच्या अखेरीस जुळविले गेले. रोनाल्ड हटन ह्या इंग्रज इतिहासकाराने १९९९ साली ह्याची सविस्तर छाननी केली. चक्र नवे, भूक मात्र जुनी. शहरात राहून ऋतूंना पारखा झालेला माणूस ते चक्र पुस्तकांतून पुन्हा जुळवू पाहत होता.

साताऱ्या-सांगलीच्या शेतकऱ्याला ते जुळवावे लागले नाही. ज्येष्ठ-आषाढात बेंदूर येतो. खांदेमळणी होते, बैलाच्या थकल्या खांद्याला हळद-तेल लागते, शिंगे रंगतात, आणि जनावराचे ऋण म्हणजे काय हे घरातल्या पोराला कोणी न शिकविता कळते. आश्विनात घट बसतो. मातीत पेरलेले धान्य नऊ दिवसांत अंकुरते आणि दसऱ्याला ते अंकुर टोपीत खोवले जातात. बीज मातीत पडल्याचा दाखला प्रभू येशूने दिला, तो अशा घरांत फोड करून सांगावा लागत नाही.

ह्या सणांचे आम्ही सरसकट गोडवे गाणार नाही. मांढरदेवीच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत सुमारे ३०० जीव गेले. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीला जिवंत नाग पकडून त्यांची मिरवणूक काढण्यावर उच्च न्यायालयाला बंदी आणावी लागली. आणि चेटकाच्या आरोपाविरुद्ध आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, तेव्हा कोठे त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. इंग्लंडमध्ये चेटूक म्हणविण्याची मुभा मिळाली हे स्वातंत्र्य; इथे कोणाला चेटकीण ठरविण्याची मुभा गेली, हेही स्वातंत्र्यच.

आमच्या ख्रिस्तसभेलाही वर्ष होते, नुसती दिनदर्शिका नव्हे. चारही ऋतूंत तीन-तीन दिवस, बुधवारी, शुक्रवारी व शनिवारी, उपवास-प्रार्थना असे. १९६९ च्या सुधारणेत त्यांचा निर्णय देशोदेशींच्या धर्माध्यक्षांवर सोपविला गेला आणि बहुतेक धर्मग्रामांतून ते दिवस विस्मृतीत गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी सांगितले होते की इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही. आपण आपलेच चार ऋतू मात्र हातचे घालविले, असे आम्हांस वाटते.

वाईजवळचे बावधन पाहा. होळीच्या पौर्णिमेला भैरवनाथाच्या देवळात कौल लावून बगाड्या ठरतो. रंगपंचमीला कृष्णाकाठच्या सोनेश्वराहून बगाडाचा अवजड गाडा निघतो. उंच शिडाला बांधलेला नवसकरी आकाशात, खाली बैलांच्या जोड्या आणि उसळलेला गाव. गावासाठी एकाने देह लाकडाला द्यावा, ही कल्पना ख्रिस्ती माणसाला परकी वाटू नये. पण त्याचबरोबर फरकही दिसावा. बगाड्या दर वर्षी नवा लागतो, कारण चक्र फिरते आणि नवस पुन्हा उभा राहतो. कालवरीवरचे अर्पण एकदाच झाले. वर्ष फिरते ते त्याच्या स्मरणाभोवती.

आणि त्या स्मरणाचा दिवस ठरवितो चंद्रच. २१ मार्च रोजी वा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरून पुढचा रविवार हा पुनरुत्थानाचा. ती पौर्णिमा कधी होळीची असते, कधी चैत्राची. २०२१ साली ती होळीची होती. करोनाचे निर्बंध असूनही बावधनकरांनी बगाड काढले आणि पोलिसांनी गुन्हे नोंदविले; तो दिवस २ एप्रिल, आपला शुभ शुक्रवार. २०२४ साली रंगपंचमी ३० मार्चला, पवित्र शनिवारी आली. दिवसा बावधनात बगाड निघाले, आणि त्याच रात्री चर्चच्या अंगणांत नवा अग्नी पेटवून पुनरुत्थानाच्या मेणबत्तीला ज्योत लागली.