हसणाऱ्या नायिकेची उर्दू

बेसबॉलमध्ये स्क्रूबॉल नावाचा एक चेंडू असतो. नेहमीच्या वळणाच्या उलट बाजूला वळतो. आपल्या गुगलीचा चुलतभाऊच म्हणा. १९३०च्या दशकात हॉलिवूडच्या एका विनोदी चित्रपटप्रकाराला हेच नाव पडलं. श्रीमंत घरची हट्टी मुलगी, खिसा रिकामा पण जीभ तिखट असा पुरुष, आणि भांडता भांडता जमलेलं प्रेम. फ्रँक काप्राच्या 'इट हॅपन्ड वन नाइट'ने (१९३४) पाच प्रमुख ऑस्कर पटकावले आणि ही वाट रुळली. त्याच वर्षी जुलैपासून तिथली सेन्सॉरची संहिता कडक झाली. प्रणय उघड दाखवता येईना, म्हणून लेखकांनी तो भांडणात दडवला.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारा चित्रपट मला 'ब्रह्मचारी' (१९३८) वाटतो. कोल्हापूरचं हंस पिक्चर्स, दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक, लेखक आचार्य अत्रे. एक भाषण ऐकून औदुंबर ब्रह्मचर्याची शपथ घेतो, नट्यांची चित्रं फेकून देतो. मग मीनाक्षीची किशोरी येते आणि शपथेची पार दैना करते. मीनाक्षी पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आली, त्याची चर्चा अजून संपलेली नाही. मला मात्र त्या पोशाखापेक्षा अत्र्यांचं धाडस मोठं वाटतं. ते स्वतः शिक्षक, शाळेचे मुख्याध्यापक. उपदेश करणाऱ्यांची गंमत त्यांना आतून ठाऊक होती, आणि आपल्याच समाजाच्या सोवळेपणावर ते मोकळेपणाने हसले.

काप्राचा चित्रपट हिंदीत 'चोरी चोरी' (१९५६) होऊन आला. घरातून पळालेली नर्गिस, वाटेत भेटलेला पत्रकार राज कपूर. लेखन आगा जानी काश्मिरी यांचं, म्हणजे अस्सल उर्दूच्या तालमीतला माणूस. वर्गात उर्दू शिकवताना मला हे हटकून आठवतं. मुलांना वाटतं, उर्दू म्हणजे विरह, शमा आणि आसवं. अरे बाबांनो, हजरजबाबीपणासुद्धा याच जबानचा!

पण बघा, त्या नायिकेचं नाव कम्मो. आपल्या घरातली मुलगी पडद्यावर यायची ती 'मुस्लिम सोशल'मध्ये, आणि तिथे बहुतेक वेळा ती सोसायची. 'चौदहवीं का चाँद' (१९६०) घ्या. बुरख्यामुळे ओळख चुकते, दोन जिवलग मित्र नकळत एकाच मुलीवर जीव लावून बसतात. स्क्रूबॉलला याहून चांगला मसाला मिळायचा नाही! जॉनी वॉकर, म्हणजे बद्रुद्दीन काझी, त्यात धमाल करतातही, पण बाजूला उभे राहून. मुख्य गोष्ट नजाकतीने, आदबीने रडत जाते आणि शेवटी एका मित्राला जीव द्यावा लागतो. हाच घोटाळा अत्र्यांच्या हाती पडला असता, तर जमीलाने दोघांचीही हजेरी घेतली असती.