सुप्याची परतवाट

परगावी वर्षे काढलेला मनुष्य घरी परततो तेव्हा गाव जागेवर असेल, हे तो गृहीतच धरतो. सुपेकरांना तेवढेही भाग्य लाभले नाही. गणेशगुडीजवळ काळी नदीवरचे १०१ मीटर उंचीचे धरण १९८७ साली पुरे झाले. काळी व पांढरी यांच्या संगमावरचे सुपे, एके काळचे तालुक्याचे ठाणे, जलाशयाखाली गेले. कचेऱ्या जोयड्याला हलल्या, तालुक्याचे नावही बदलले. अनेक विस्थापितांची वसाहत रामनगरास झाली.

आम्ही पडलो वकील, म्हणून आमची दृष्टी आधी कायद्याकडे वळते. त्या काळच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीचा बाजारभाव होता, उभ्या पिकाची व झाडांची भरपाई होती, सक्तीबद्दल वरकड रक्कमही होती. ती १९८४ मध्ये शेकडा १५ वरून ३० झाली. परंतु कलम २४ पाहावे. जमीन सोडण्याची मालकाची नाखुशी न्यायालयाने विचारात घेऊ नये, असे ते स्पष्टच बजावते. कायदेकर्त्यांना ही नाखुशी ठाऊक होती, हे यावरून उघड होते. तिला किंमत मात्र नव्हती.

आमच्या मंदिरांना स्थलांतर नवे नाही. सोळाव्या शतकात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले, श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास. पण तेथील कुळाव्याला आजही मूळ स्थळी जाऊन त्या मातीला हात लावता येतो. सुपेकराने तो कोठे लावावा?