गिधाड, मांजर आणि अर्धी गोळी

मागच्या मे महिन्यात, नागपूर नुसतं भाजून निघत होतं तेव्हा, आमची चिमी तापाने फणफणली. आईने पॅरासिटामॉलची गोळी मोडली. म्हणाली, "अर्धी देऊन पाहू. लहान लेकरालेही त देतोच ना आपण." मी आधी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "कणभरही देऊ नका."

का? मी पडलो कोड लिहिणारा, कारण कळल्याशिवाय झोप येत नाही. शोधत गेलो, तर इतिहासच हाती लागला.

आपलं लिव्हर पॅरासिटामॉलला साखरेपासून बनलेला एक रेणू जोडतं आणि मग ते शरीराबाहेर जातं. मांजरात या कामाचं मुख्य जनुकच मोडलेलं आहे, हे २००० साली संशोधकांनी दाखवलं. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शनचं नाव आहे, पण आतला कोड चालत नाही. निव्वळ मांसावर जगणाऱ्या प्राण्याला वनस्पतींमधली विषं पचवायची गरजच पडली नसावी. मग गोळी पोटात गेली की रक्त ऑक्सिजन नीट वाहून नेत नाही, लिव्हरलाही इजा होते.

किडनीची गोष्ट तर आपल्या पेंचपर्यंत येते. गुरांना डायक्लोफेनॅक दिलं जायचं. ती गुरं मेली की त्यांचं मांस खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी व्हायच्या. हे २००४ मध्ये उघड झालं आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी ते औषध बंद केलं. पर्याय आला मेलॉक्सिकॅम, गिधाडांना सुरक्षित. २०२४ मध्ये पिंजोरहून गिधाडं पेंचला आणली, ती याच लढाईचा पुढचा टप्पा.

पण त्याच मेलॉक्सिकॅमबद्दल २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ठळक इशारा दिला: मांजरांना वारंवार दिलं तर किडनी निकामी होऊन जीव जाऊ शकतो. म्हणजे गिधाडाला तारणारं औषध मांजराला मारू शकतं! डॉक्टर वजन पाहून, रक्त तपासून देतात, ती गोष्ट वेगळी.

चिमी सलाईनवर दोन दिवसांत सावरली. तरी एक लक्षात ठेवा: किडनीचा बराच भाग जाईपर्यंत मांजर काही कळू देत नाही. ते अचानक जास्त पाणी प्यायला लागलं, जास्त मुतायला लागलं, वाळत चाललं, तर थेट डॉक्टरांकडे न्या.

आमचा औषधांचा डबा आता कपाटात, कुलपात असतो. चावी आईकडे. ती आता शेजारच्यांनाही सांगते, "मांजरीले आपली गोळी नका देऊ बाप्पा!"

भेटू पुढच्या भागात.