समृद्धीवर गाडी ‘स्वतः’ चालत असताना अपघात झाला, तर जबाबदार कोण?

वाशिम जिल्ह्यात कारंजा किंवा मालेगावजवळ समृद्धी महामार्गावर गाडी चढली की पुढे ना सिग्नल, ना चौक. गाडी नव्या पिढीतली असेल, तर समोरच्या वाहनापासून ती स्वतः अंतर राखते, लेन सुटायला लागली की स्टिअरिंग वळवते, धोका दिसला की ब्रेकही मारते. चालकाला वाटतं, आता गाडीच गाडी चालवतेय.

कायद्याला मात्र तसं वाटत नाही. भारतात आजही गाडी चालवणारा एकच : स्टिअरिंगमागे बसलेला माणूस. हे नेमकं काय प्रकरण आहे, सोप्या शब्दांत समजून घेऊ.

गाडी किती ‘ऑटोमॅटिक’ आहे, हे कसं ठरतं?

जगभरात यासाठी ० ते ५ अशा सहा पातळ्या वापरतात. शून्य म्हणजे सगळं माणसाच्या हातात. पाच म्हणजे कुठल्याही रस्त्यावर चालकाची गरजच नाही.

भारतात ‘अडास’ म्हणून विकली जाणारी यंत्रणा साधारण पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीची असते. २०२१ मध्ये आलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० नंतर हा शब्द घराघरात पोहोचला. दुसऱ्या पातळीवर गाडी वेग आणि स्टिअरिंग दोन्ही सांभाळते, पण लक्ष माणसानेच ठेवायचं असतं. तिसऱ्या पातळीपासून ठरावीक परिस्थितीत ती जबाबदारी गाडीकडे जाते.

‘कनेक्टेड’ गाडी हा वेगळा प्रकार. तिच्यात सिम असतं आणि गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, ही माहिती ती कंपनीच्या सर्व्हरला पाठवते.

आपला कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. परवाना चालकाचा, दंड चालकाला, अपघातानंतर जखमीला मदत करण्याचं कर्तव्यही चालकाचं. चालक म्हणजे माणूस, हे त्यात गृहीतच धरलंय.

२०१९ च्या दुरुस्तीत ‘कलम २बी’ आलं. नवं तंत्रज्ञान आणि संशोधनाला चालना देण्यासाठी केंद्र सरकार काही प्रकारच्या वाहनांना या कायद्यातून सूट देऊ शकतं. म्हणजे चाचणीसाठी खिडकी उघडली, पण विनाचालक गाड्यांसाठी स्वतंत्र कायदा झालेला नाही. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात अशा गाड्यांना विरोध केला. कारण एकच : लाखो चालकांचा रोजगार जाईल.

मग अपघात झाला तर?

इथे तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

पहिली, गुन्हा. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली चालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. ‘अडास चालू होतं’ म्हणून आपोआप सुटका मिळेल, अशी तरतूद कुठेच नाही.

दुसरी, भरपाई. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये वाहनमालक किंवा विमा कंपनीने द्यायचे असतात. चूक कोणाची, हे सिद्ध करावं लागत नाही. त्यामुळे चूक माणसाची असो की कॉम्प्युटरची, पीडित कुटुंबाला निदान हा मार्ग मोकळा आहे.

तिसरी, कंपनी. कलम ११०ए खाली सदोष गाड्या परत मागवण्याचे आदेश सरकार देऊ शकतं. पण एका विशिष्ट अपघातात सॉफ्टवेअर चुकलं, हे दाखवायला गाडीतला डेटा लागतो. तो असतो कंपनीकडे. खरी अडचण इथे आहे.

नियम येतायत, पण तुकड्यातुकड्यांत

मोठा कायदा नसला, तरी छोटे नियम कधीच गाडीत शिरलेत. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या कारमध्ये ताशी ८० किलोमीटरच्या वर थांबून थांबून आणि १२० च्या वर सतत बीप वाजते. समृद्धीवर कारची वेगमर्यादाही १२० च आहे, म्हणजे ती बीप सतत वाजायला लागली की तुम्ही मर्यादा ओलांडलीत. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना लोकेशन ट्रॅकर आणि पॅनिक बटण सक्तीचं आहे. रिक्षांना त्यातून सूट आहे. मोठ्या प्रवासी आणि मालवाहू वाहनांना आपोआप ब्रेक लावणारी आणि चालकाला डुलकी लागल्यास सावध करणारी यंत्रणा सक्तीची करण्याचा मसुदा केंद्राने २०२५ मध्ये काढला.

वाशिमसाठी हे महत्त्वाचं का?

समृद्धीचे जवळपास ९७ किलोमीटर वाशिम जिल्ह्यात आहेत. कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून तो जातो. शेजारच्या बुलढाण्यात सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ जणांचा जीव गेला. त्यानंतर चालकांचा थकवा, झोप आणि ‘हायवे हिप्नोसिस’ यांची चर्चा राज्यभर झाली. डुलकी ओळखणारी यंत्रणा इथे चैनीची वस्तू नाही.

पण समृद्धीवरून खाली उतरलं की रस्ता बदलतो. गावच्या रस्त्यावर पांढरे पट्टे पुसलेले, सोयाबीन भरलेली ट्रॉली टेललाइटशिवाय, मध्येच रोह्यांचा कळप. लेन ओळखणारा कॅमेरा पट्ट्यांवरच अवलंबून असतो. पट्टेच नसतील तर तो काय वाचणार?

म्हणूनच नागपुरात २०२१ मध्ये सुरू झालेला ‘आयरास्ते’ प्रकल्प महत्त्वाचा. महापालिकेच्या बसमध्ये धोक्याची सूचना देणारी उपकरणं बसवून, आपल्याच रस्त्यांवर धोका कुठे आहे याची माहिती त्यात गोळा केली गेली. नियमही अशाच माहितीवर बेतायला हवेत.

बाकी जगात काय चाललंय?

ब्रिटनने २०२४ मध्ये ‘ऑटोमेटेड व्हेइकल्स अॅक्ट’ केला. मान्यताप्राप्त गाडी स्वतः चालत असताना ती कशी चालली, याची जबाबदारी आत बसलेल्या माणसावर नाही, तर त्या यंत्रणेसाठी परवानगी घेतलेल्या कंपनीवर, असं त्याचं सूत्र. जर्मनीने २०२१ मध्येच ठरावीक भागांत चौथ्या पातळीच्या गाड्यांसाठी कायदा केला. आपल्याकडे डेटासाठी २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, पण अपघातानंतर गाडीतला डेटा पीडिताला किती दिवसांत मिळावा, याचा खास नियम त्यात नाही.

तोवर तुम्ही काय करायचं?

गाडी घेताना अडास कितव्या पातळीचं आहे आणि ते कुठे चालत नाही, हे मॅन्युअलमध्ये वाचा. कनेक्टेड अॅपची परवानगी देताना कोणती माहिती जाते, ते बघा. अपघात झालाच, तर गाडीतला डेटा जपून ठेवण्याची मागणी कंपनीकडे लगेच लेखी करा. आणि हात स्टिअरिंगवरच ठेवा, कारण परवान्यावर नाव तुमचं आहे, सॉफ्टवेअरचं नाही.