आंबागडावरचा जयघोष

तिरोड्याहून तुमसरमार्गे आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन आंबागडला गेलो. दरवाजाशी पोहोचताच मुलांनी सवयीने शिवरायांचा जयघोष केला. त्यांचा दोष नाही. किल्ला म्हणजे सह्याद्री आणि शिवकाल, हे समीकरण आम्हीच वर्गात रुजवले आहे.

आंबागड त्या समीकरणात बसत नाही. देवगडचा राजा बख्त बुलंद शाह हा गोंड. औरंगजेबाच्या काळात त्याने इस्लाम स्वीकारला. नागपूर वसवण्याचे श्रेय त्याच्याकडेच जाते. त्याचा सुभेदार राजा खान पठाण याने १७०० च्या सुमारास सातपुड्याच्या या टेकडीवर किल्ला उभारला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना आतल्या विहिरीचे विषारी पाणी पाजून मारीत, असे परंपरा सांगते.

"सर, मग घोषणा कुणाच्या नावाने द्यायची?" एकाने विचारले.

आम्ही निरुत्तर झालो. गोंड, पठाण, मराठा अशी वाटणी करू जाता हा किल्ला कुणा एकाच्या अभिमानात पुरता मावत नाही. बांधणाऱ्याचे नाव उरले, मारणाऱ्यांचे घराणे उरले. विहिरीचे पाणी प्यायलेल्यांचे नावही मागे राहिले नाही. इतिहासाने त्यांच्याविषयी मौन पाळले, म्हणून पर्यटकानेही पाळावे काय?

परतताना मुले त्या विहिरीपाशी मुकाट उभी राहिली. पुढील वर्षी सहलीपूर्वीचा तास या विहिरीपासूनच सुरू करावा, असे आम्ही ठरवले आहे.