रहीम मास्तरांचा फुटबॉल

आमच्या नाशिकच्या मोहल्ल्यांतली पोरं रात्र रात्र जागून युरोपातले सामने बघतात. ग्वार्डिओला काय करतो, क्लॉपने लिव्हरपूलचा खेळ कसा पालटला, यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद घालतात. कोचची एक कल्पना सबंध संघाला बदलून टाकू शकते, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. पण आपल्याकडे हेच काम सत्तर वर्षांपूर्वी एका शाळामास्तरांनी केलं, हे त्यांना २०२४ साली ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट येईपर्यंत ठाऊक नव्हतं. चित्रपटातही रहीमसाहेबांचा खोकला, सिगारेट आणि शेवटचं भाषण भरपूर आहे. फुटबॉल कसा बदलला, ते मात्र घाईत उरकलं आहे. सिनेमाची गरज वेगळी असते, त्याला इलाज नाही.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठातून ते बी.ए. झाले. हे विद्यापीठ १९१८ साली निघालं आणि तिथे विज्ञानापासून वैद्यकापर्यंतचं उच्च शिक्षण उर्दू माध्यमातून दिलं जाई. (उर्दूत फक्त शायरी होते असं मानणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो. फार फरक पडत नाही.) पुढे काचीगुडा मिडल स्कूल, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी शिकवलं, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. १९४३ साली हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे ते सचिव झाले आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस या संघाचे प्रशिक्षक.

हे १९५० साल कोणतं, ते लक्षात घ्या. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि निजामाचं राज्य संपलं. आमच्या जिल्ह्याची हद्द ओलांडून येवल्याहून वैजापूरला गेलं की निजामाचा मुलूख लागायचा. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. त्या दोन-तीन वर्षांत तिथल्या मुसलमानांवर काय गुजरली, त्यावर थोडं लिहिलं गेलं आहे, बरंचसं लिहायचं राहिलं आहे. आपल्या मराठी पुस्तकांत त्या काळातला हैदराबादी मुसलमान दोनच रूपांत येतो: हिऱ्यांच्या राशीवर बसलेला निजाम, नाहीतर हातात बंदूक घेतलेला रझाकार. सायकलवरून शाळेत जाणारा, पगारावर घर चालवणारा, हजेरी घेणारा मास्तर त्यात कुठेच नसतो. खरं तर बहुतेक माणसं त्याच्यासारखीच होती.

आणि त्याच १९५० साली हा मास्तर आपला संघ घेऊन मुंबईला आला.

मुंबईचा रोव्हर्स करंडक १८९१ पासून चाललेला. बरीच वर्षं तो गोऱ्या पलटणींच्याच हाती राहिला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला, तेव्हा पहिल्यांदा भारतीय संघाचं नाव त्यावर लागलं. पुढे कलकत्त्याचे मोठे क्लब आले. या सगळ्यांत हैदराबादच्या पोलिसांना कोण विचारणार? पण १९५०, ५१, ५२, ५३ आणि ५४ अशी लागोपाठ पाच वर्षं त्यांनी रोव्हर्स जिंकला. १९५० चा ड्युरँड करंडकही मोहन बागानला हरवून त्यांनीच नेला. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, लईक, मोईन ही नावं कूपरेजच्या प्रेक्षकांच्या तोंडी बसली.

हे पोलीस काही कलकत्त्यावाल्यांपेक्षा धिप्पाड नव्हते. फरक खेळाच्या समजुतीत होता. तेव्हा आपल्याकडे चांगला खेळाडू म्हणजे चार जणांना चकवत जाणारा. लोक टाळ्याही त्यालाच देत. रहीमसाहेबांचं म्हणणं, चेंडू माणसापेक्षा जोरात पळतो, मग त्यालाच पळवा. चेंडू जमिनीवर ठेवायचा, आला की एका स्पर्शात सोबत्याकडे द्यायचा आणि स्वतः मोकळ्या जागेत जायचं. हे सांगून होत नाही. शिकवणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे की सांगितलेलं पोरं विसरतात, करायला लावलेलं विसरत नाहीत. म्हणून त्यांनी हैदराबादेत स्पर्धाच तशा भरवल्या. एका स्पर्धेत चेंडू घोळवत न्यायला मनाई. दुसऱ्या स्पर्धेत फक्त कच्च्या पायाने खेळायचं, म्हणजे उजव्या पायाच्या माणसाने डावाच वापरायचा. तिसरी कमी उंचीच्या पोरांसाठी. आम्हाला बी.एड.ला पाठ टाचण लिहिताना ‘कृतीतून अध्ययन’ असा एक रकाना भरावा लागे आणि तो भरताना आमच्या जिवावर यायचं. त्या रकान्याचा अर्थ मला रहीमसाहेबांबद्दल वाचताना नीट समजला. कच्च्या पायाच्या स्पर्धेत नियमच शिकवतो, मास्तरला ओरडावं लागत नाही.

देशाच्या संघाचेही ते प्रशिक्षक झाले. १९५१ च्या दिल्ली एशियाडमध्ये इराणला १-० ने हरवून सुवर्ण मिळालं, गोल साहू मेवालालचा. पुढच्याच वर्षी हेलसिंकीला डोळे उघडले. थंडीत, बरेचसे अनवाणी खेळणारे आपले खेळाडू युगोस्लाव्हियाकडून १०-१ ने हरले. त्यानंतर बूट सक्तीचे झाले, एवढं सगळे सांगतात. पण हेलसिंकीहून आणण्याजोगी आणखी एक गोष्ट होती. तिथे सुवर्ण हंगेरीने जिंकलं आणि हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड पुढे उभा न राहता मागे सरकून खेळत असे.

हे जरा समजावून सांगतो. त्या काळी जगभर ‘डब्ल्यू-एम’ रचना चाले. मागे तीन, मध्ये दोन आणि दोन, पुढे तीन. प्रत्येकाचा माणूस ठरलेला. समोरच्या सेंटर फॉरवर्डला धरून ठेवणं हे सेंटर हाफचं काम. आता तो फॉरवर्डच मागे निघून गेला तर सेंटर हाफने काय करावं? मागे गेला तर बचावाला भगदाड पडतं. जागेवर थांबला तर पुढचा मोकळेपणी चेंडू वाटत बसतो. दोन्हीकडून पंचाईत. हा डाव रहीमसाहेबांनी आपल्या संघात आणला. मागे चार, मध्ये दोन, पुढे चार ही रचना ब्राझीलने १९५८ च्या विश्वचषकात जगभर गाजवली. भारत ती त्याआधीच खेळू लागला होता, असं आपल्या फुटबॉलचे जाणकार लिहितात.

पुरावा पाहायचा तर १९५६ चं मेलबर्न पाहा. सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले होते, हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही आणि भारत न खेळता पुढच्या फेरीत गेला. तिथे यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसूझाचे, म्हणजे आपल्या मुंबईत कॅल्टेक्सकडून खेळणाऱ्या पोराचे. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. पहिला गोल भारताचा, तोही नेव्हिलचाच. शेवटी ४-१ ने हरलो आणि पुढे बल्गेरियाकडून हरून चौथे आलो. पण चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल मारले, त्यांच्यावर काही काळ का होईना आघाडी होती. १९६० ला रोममध्ये फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली, हंगेरीकडून केवळ २-१ ने हरलो.

१९६२ चं जकार्ता. रहीमसाहेबांना तोवर फुप्फुसाच्या कर्करोगाने गाठलं होतं. पहिला सामना दक्षिण कोरियाने २-० ने जिंकला. मग थायलंडला हरवताना बचावाचा खांब जर्नैलसिंग डोकं फोडून घेऊन बाहेर गेला, टाके पडले. जपानविरुद्ध तो नव्हता. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामसमोर मास्तरांनी त्याला उतरवला तो थेट पुढे, सेंटर फॉरवर्ड म्हणून! डोक्याला पट्टी बांधलेला बचावपटू गोल करायला पाठवणं कुणाला वेडेपणा वाटला असेल. जर्नैलने गोल केला, भारत ३-२ ने जिंकला.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला, पुन्हा दक्षिण कोरियाशी. इस्रायल आणि तैवानला स्पर्धेत येऊ न दिल्याबद्दल भारताचे गुरुदत्त सोंधी बोलले होते, त्यामुळे स्टेडियममधले जवळपास लाखभर प्रेक्षक भारताविरुद्ध ओरडत होते. भारताच्या बाजूने ओरडणारा मोठा आवाज पाकिस्तानच्या हॉकी संघाचा होता, असं त्या संघातल्या खेळाडूंनी पुढे सांगितलं आहे. त्याच पाकिस्तानने आदल्याच दिवशी हॉकीचं सुवर्ण आपल्याला हरवून घेतलं होतं. आपल्या टीव्ही चॅनेलांना हा प्रसंग झेपायचा नाही. तापातून उठलेला थंगराज गोलमध्ये, गोव्याचा, मुंबईत टाटांकडून खेळणारा फॉर्च्युनाटो फ्रँको मध्यभागी, हैदराबादचे बलराम आणि युसूफ खान, कर्णधार चुनी गोस्वामी. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी, विसाव्याला जर्नैलसिंग. कोरियाने शेवटी एक फेडला. २-१.

११ जून १९६३ ला रहीमसाहेब गेले. वय ५३.

त्यानंतर भारताला एशियाडमध्ये फुटबॉलचं सुवर्ण मिळालेलं नाही आणि १९६० नंतर ऑलिंपिकमध्ये आपला संघ दिसलेला नाही. सगळा दोष एका मृत्यूवर टाकणं चूक ठरेल. जपान आणि कोरियाने शाळा, लीग, प्रशिक्षक यांची रांग उभी केली. आपल्याकडे कच्च्या पायाच्या स्पर्धा एका माणसाच्या वहीत होत्या, व्यवस्थेत कधी उतरल्याच नाहीत. हैदराबादचं फुटबॉल हळूहळू ओसरलं. रोव्हर्स करंडकही या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला.

बलराम सिकंदराबादच्या बाजूचा गरीब घरचा मुलगा. सरावाला यायला पैसे नव्हते, तेव्हा रहीमसाहेबांनी त्याला रोजचं सायकलचं भाडं दिलं होतं. २०२३ मध्ये बलराम गेले. रहीमसाहेबांचे चिरंजीव शाहिद हकीम, स्वतः रोमच्या संघात असलेले, ते २०२१ मध्येच गेले होते. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सरकारने १९८५ साली सुरू केला. फुटबॉलमध्ये तो पहिल्यांदा १९९० साली सय्यद नईमुद्दीन यांना मिळाला. हे नईमुद्दीन हैदराबादचे, पोलिसांच्याच संघात वाढलेले, १९७० च्या बँकॉक एशियाडमध्ये ब्राँझ जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार. फुटबॉलमधलं एशियाडचं आपलं शेवटचं पदक ते.