अहंकाराची ओळख आणि मूल्यनिष्ठ जीवन : संत इग्नेशियस यांच्या चरित्राच्या प्रकाशात

'अहंकार' हा शब्द आपण बहुधा दुसऱ्याविषयी वापरतो. स्वतःविषयी बोलताना तोच 'स्वाभिमान' होतो, 'तत्त्वनिष्ठा' होते, नाहीतर 'माझा स्वभावच तसा' असे म्हणून आपण मोकळे होतो. शब्दांच्या या अदलाबदलीतच विषयाची खरी अडचण आहे.

'अहं' म्हणजे केवळ 'मी'. सिग्मंड फ्रॉईड यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जर्मन भाषेतील 'मी' हाच साधा शब्द योजिला होता. पुढे इंग्रजी अनुवादात त्याचे लॅटिन रूप 'इगो' रूढ झाले. त्यांच्या विवेचनात इगो हा दुर्गुण नव्हे. अंतरीच्या वासना, बाहेरचे वास्तव आणि मनातील कठोर निर्बंध यांचा मेळ घालणारी ती एक व्यवस्था आहे. ख्रिस्ती परंपरा ज्याला पाप म्हणते ते वेगळे आहे. देवाने निर्माण केलेला 'मी' देवाच्या जागी जाऊन बसतो तेव्हा त्याला गर्व म्हणतात, आणि लोकांच्या नजरेतील आपली प्रतिमा जपण्यातच तो गुंततो तेव्हा त्यास पोकळ मोठेपणा म्हणतात. पाचव्या शतकातील मठवासी जॉन कॅसियन यांनी या पोकळ मोठेपणाला कांद्याची उपमा दिली आहे. एक पापुद्रा सोलावा, तर आत दुसरा तयार असतो.

हे पापुद्रे प्रत्यक्ष जीवनात कसे निघतात, हे पाहण्यास येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या कथनाइतके प्रांजळ साधन क्वचितच आढळेल. लुईस गोन्साल्व्हिस दा कामारा या येशूसंघीय धर्मगुरूंनी १५५३ साली पोकळ मोठेपणाच्या मोहाविषयी आपले मन त्यांच्यापाशी मोकळे केले. आपणही दोन वर्षे याच दुर्गुणाने त्रस्त होतो, असे इग्नेशियस यांनी त्यांना सांगितले आणि पुढे १५५५ पर्यंत टप्प्याटप्प्याने आपली जीवनकथा त्यांना ऐकविली.

पहिला पापुद्रा अगदी ढोबळ होता. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोना येथील लढाईत तोफगोळा लागून त्यांचा पाय मोडला. हाड वेडेवाकडे जुळले व गुडघ्याखाली पुढे आले. त्या काळच्या दरबारी पद्धतीचे घट्ट, ऐटदार बूट त्यावर बसणार नव्हते. जीवावरचे संकट टळले होते, तरी त्यांनी ते हाड कापावयास लावले, तेही भूल देण्याची सोय नसलेल्या काळात! मानासाठी माणूस किती वेदना हसत सोसतो, याचे हे उदाहरण. लग्नसमारंभापायी कर्ज काढणाऱ्या आपल्या कुटुंबांना ते फारसे परके वाटू नये.

लोयोलाच्या वाड्यात अंथरुणावर पडून असताना त्यांना वाचावयास ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे एवढीच मिळाली. कधी ते एका थोर घराण्यातील स्त्रीची मर्जी संपादन करण्याची स्वप्ने पाहत, कधी संतांप्रमाणे अनवाणी यरुशलेमला जाण्याची. दोन्ही विचार रम्यच वाटत. पण पहिल्यानंतर मन कोरडे व असमाधानी राही, दुसऱ्यानंतर आनंद टिकून राही. आत्म्यांच्या पारखीची त्यांची सारी शिकवण या छोट्या निरीक्षणातून उगवली आहे. एखाद्या विचाराची किंमत तो मनात असताना कळत नाही, तो निघून गेल्यावर मागे काय उरते त्यावरून कळते.

यानंतर इग्नेशियस यांचे परिवर्तन झाले आणि अहंकार संपला, असे मात्र घडले नाही. १५२२ साली मोन्सेरातच्या वाटेवर त्यांना एक मूर भेटला. धन्य कुमारी मरियेच्या अखंड कौमार्याविषयी दोघांत वाद झाला व तो मनुष्य पुढे निघून गेला. आपण पवित्र मातेचा मान राखला नाही, असे वाटून इग्नेशियस संतापले. त्याला गाठून खंजीर खुपसावा असे त्यांच्या मनात आले. निर्णय होईना, तेव्हा त्यांनी खेचराचा लगाम सैल सोडला. त्या मनुष्याच्या गावाची वाट रुंद व सोयीची असूनही खेचर हमरस्त्यानेच गेले आणि एक खून टळला. पुढे मोन्सेरात येथे त्यांनी आपली तलवार व खंजीर मरियेच्या वेदीपाशी अर्पण केले.

आमच्या मते साऱ्या चरित्रातील सर्वात बोधक प्रसंग हाच. मरियेविषयीची भक्ती हे त्यांचे खरे मूल्य होते, त्यात ढोंग नव्हते. पण खंजिराकडे गेलेला हात सरदाराचा होता. मूल्य ख्रिस्ताचे आणि पद्धत जुन्या मानापमानाची, अशी सरमिसळ आपल्या धर्मग्रामांतही होते. सणाच्या नियोजनात आपली सूचना फेटाळली गेली की शिस्तीचा, परंपरेचा, उपासनेच्या पावित्र्याचा प्रश्न अचानक पेटतो. प्रश्न खराही असेल, पण सूचना मान्य झाली असती तर तो पेटला असता का?

मान्रेसा येथील मुक्कामात पुढचा पापुद्रा निघाला, आणि तो तपश्चर्येचा होता. पूर्वी केसांची निगा राखण्याचा त्यांना षोक होता, म्हणून आता त्यांनी केस व नखे तशीच वाढू दिली. जुनी पापे पुनःपुन्हा निवेदन करूनही समाधान होईना, तेव्हा त्यांनी आठवडाभर अन्न वर्ज्य केले. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी आज्ञा केली तेव्हाच तो उपास सुटला. स्वतःला सर्वांत मोठा पापी मानण्यातही 'सर्वांत मोठा' हा शब्द शिल्लक राहतो! जकातदाराच्या प्रार्थनेत (लूक १८:९-१४) अशी तुलना नाही. तुलना परूश्याच्या प्रार्थनेत आहे. मन शांत झाल्यावर इग्नेशियस यांनी केस व नखे कापली.

या अनुभवांतून सिद्ध झालेल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथास पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिली. त्याच्या प्रारंभीच एक सूचना आहे : दुसऱ्याच्या विधानाचा शक्य तेवढा चांगला अर्थ घ्यावा, आणि तसा अर्थ लागत नसेल तर तुम्हाला काय म्हणावयाचे आहे हे त्यालाच विचारावे. धर्मग्राम परिषदेच्या सभेत एवढे एक पाळले तरी अनेक सभा लवकर संपतील. मोठ्या निर्णयासाठी ग्रंथात आणखी एक उपाय आहे. आपल्याच परिस्थितीतील अनोळखी माणसाला आपण काय सल्ला दिला असता याचा विचार करावा व तोच स्वतः पाळावा. येथे 'मी' काही क्षण बाजूला सरतो आणि मूल्य स्पष्ट दिसते.

रोजच्या आत्मपरीक्षणाचा क्रमही लक्षणीय आहे. आरंभ दोषांच्या यादीने होत नाही. प्रथम देवाचे आभार, मग स्वतःला पाहण्यासाठी प्रकाशाची याचना, मग दिवसाचा आढावा, त्यानंतर क्षमायाचना आणि शेवटी सुधारणेचा निश्चय. आभारांनी सुरुवात केली की दिवसातील चांगुलपणा देणगी म्हणून समोर येतो. तो स्वतःच्या खाती जमा करण्याची घाई राहत नाही.

१५२३ साली इग्नेशियस बार्सेलोनाहून यरुशलेमच्या यात्रेस निघाले, तेव्हा आपण कोठे जात आहोत हे सांगण्याचे त्यांना धैर्य झाले नाही. भीती प्रवासाची नव्हती, लोकांच्या कौतुकाची होती. विचारणाऱ्या स्त्रीला त्यांनी इटली आणि रोम एवढेच उत्तर दिले. परत आल्यावर, तिशी ओलांडलेला हा माजी सरदार त्याच शहरात शाळकरी मुलांप्रमाणे लॅटिन व्याकरणाचे प्राथमिक धडे गिरवू लागला.